दोष पिणाऱ्याचा की पाजणाऱ्याचा?

(बी. ए. तृतीय वर्ष)

आपल्या सावनेरचे मराठी रंगभूमीशी एक दुःखद नाते आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी, अवघे ३३ वर्षांचे असताना, राम गणेश गडकरी यांनी याच गावात शेवटचा श्वास घेतला. मराठीच्या तासाला सर हे सांगतात, आम्ही तारीख वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या तासाला विसरून जातो. यंदा मात्र एक गोष्ट मनात घोळत राहिली. ज्या नाटकाने व्यसनाचा विषय मराठी माणसाच्या घराघरांत नेला, ते ‘एकच प्याला’ गडकऱ्यांना रंगमंचावर पाहायला मिळालेच नाही. ते येथे वारले, आणि नाटक त्यांच्या पश्चात त्याच वर्षी रंगभूमीवर आले.

नाटकाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सुधाकर हुशार वकील. न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळापुरती रद्द होते, आणि त्या मानहानीच्या क्षणी त्याचाच कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढे सुधाकर बुडतो, सिंधू बुडते, घर बुडते. नाटकाच्या नावातच सारी मेख आहे. बाटली संपवायची म्हणून कोणीच बसत नाही. जो तो एकच प्याला घ्यायला बसतो.

वाचक म्हणतील, हा आता दारूबंदीवर व्याख्यान झोडणार. तसे नाही. मला लिहायचे आहे ते आपल्या प्रत्येकाच्या खिशात असलेल्या प्याल्याविषयी. त्यात दारू नसते, वास येत नाही, पाय लटपटत नाहीत. म्हणून घरच्यांना कळतही नाही. एकच रील पाहू, आणि झोपू, असे म्हणून आपण तो तोंडाला लावतो.

दुसऱ्याचे सांगण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे, म्हणून माझीच एक हकीकत सांगतो.

आमची थोडी संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा ताण तोडायचा म्हणजे पहिले पाणी वेळेवर पडावे लागते. गेल्या हिवाळ्यात त्या आठवड्यात शेतीच्या लाईनीची पाळी रात्रीची होती. बाराला लाईन यायची. मोटारीचा ऑटो बिघडलेला, वडिलांच्या अंगात ताप. मी म्हटले, तुम्ही झोपा, मी जातो. अकरा वाजल्यापासून अंथरुणावर पडून मी मोबाईल पाहत होतो. बारा वाजले तेव्हा वाटले, ही एक संपली की उठू. मग आणखी एक. पुढचे मला आठवत नाही, आणि खरी शरमेची गोष्ट हीच की मी झोपलो नव्हतो. घड्याळाकडे लक्ष गेले तेव्हा पावणेपाच झाले होते. धावत वावरात गेलो. निम्म्या बागेलाही पाणी पोहोचले नाही.

सकाळी वडील आले, कोरडी आळी पाहिली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “झोपला असता तर समजलो असतो रे. जागा होता अन् गेला नाही, हे काही समजत नाही.”

ते मलाही समजत नव्हते. माझ्यात आळस आहे, मन कच्चे आहे, असे म्हणून मी स्वतःला दोष देत राहिलो. आजही देतो. परंतु त्यानंतर या विषयावर जे जे वाचनात आले, त्यावरून असे वाटू लागले की दोषाची ही वाटणी अपुरी आहे. पाणी चुकले त्याला मी जबाबदार आहेच. पण मी ज्या खोलीत होतो त्या खोलीचे दार कोणीतरी बेतून असे बसवले होते की ते आतून सापडू नये.

हे कसे, ते थोडक्यात पाहू. पुस्तकाला पान असते, धड्याला शेवट असतो, आकाशवाणीवरच्या गाण्यानंतर निवेदक बोलतो. या थांब्यांवर माणूस भानावर येतो आणि ठरवतो, आता पुरे. मोबाईलच्या पडद्यावरून हा थांबाच काढून टाकला आहे. खाली खाली सरकत जाणारे, कधी न संपणारे पान ही कल्पना अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ मध्ये मांडली. आपल्या या कामाविषयी त्याने पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाईक’चे बटण आले आणि दुसऱ्याची पसंती आकड्यात मोजता येऊ लागली. आपण कोणत्या चित्रफितीवर किती क्षण रेंगाळलो याची नोंद होते, आणि त्यावरून पुढची निवडली जाते. शिवाय प्रत्येक वेळी मनाजोगते मिळतेच असे नाही. पाच टाकाऊ निघतात आणि सहावी हसवते. जत्रेतल्या चक्रीवर पैसे लावणारा माणूस का उठत नाही, याचे उत्तर याच अनिश्चिततेत आहे. रोज निरोप पाठवला नाही तर मैत्रीची साखळी तुटली असे दाखवणारी अ‍ॅपे आहेत. आणि आपण मोबाईल ठेवून दिलाच, तर टिंग करून पुन्हा बोलावणारे नोटिफिकेशन आहे.

या साऱ्यामागे शेकडो बुद्धिमान माणसे पगारावर काम करतात, कारण धंदाच आपल्या वेळेचा आहे. आपण जितका वेळ पडद्यावर, तितक्या जाहिराती आपल्यापुढे, आणि तितका पैसा त्यांच्या गल्ल्यात. तळीराम आणि हे व्यापारी यांच्यातला मोठा फरक मला येथे दिसतो. गडकऱ्यांचा तळीराम स्वतःही पीत होता आणि पिऊनच मेला. आजचा तळीराम शुद्धीवर असतो, आणि आपण किती प्यालो याचा हिशेब ठेवतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत हा हिशेब न्यायालयात मागितला जाऊ लागला आहे. अमेरिकेत समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर मुलांनी, पालकांनी आणि शाळांनीही दावे लावले. जानेवारी २०२३ मध्ये सिएटल शहराच्या सार्वजनिक शाळांनी दावा दाखल केला. मुलांचे मनःस्वास्थ्य बिघडल्याचा भार शाळांवर पडतो, तो कंपन्यांनी उचलावा, अशी त्यांची मागणी. वेगवेगळ्या राज्यांतील असे दावे २०२२ मध्येच कॅलिफोर्नियातील एका संघीय न्यायालयात एकत्र करण्यात आले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० हून अधिक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली. आणि २०२६ च्या आरंभी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात ज्यूरीपुढे अशा दाव्याची सुनावणी उभी राहिली. लहानपणापासून या माध्यमांत अडकलेल्या एका तरुणीचा तो दावा होता. टिकटॉक आणि स्नॅपचॅट यांच्या कंपन्यांनी सुनावणीआधीच तडजोड केली. मेटा आणि यूट्यूब न्यायालयात उभे राहिले. खुद्द मार्क झुकेरबर्ग यांना साक्षीसाठी यावे लागले.

भरपाईच्या रकमेपेक्षा या दाव्यांतला युक्तिवाद मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९९६ पासून असा कायदा आहे की दुसऱ्याने लिहिलेल्या वा टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाच्या मालकाला जबाबदार धरता येत नाही. आमच्या भिंतीवर कोणी काय लिहिले त्याला आम्ही काय करणार, असे म्हणून कंपन्या वर्षानुवर्षे सुटत आल्या. नव्या दाव्यांतील वकील म्हणतात, भिंतीवर काय लिहिले ते तूर्त राहू द्या. भिंत अशी का बांधली ते सांगा. न संपणारे पान, आपोआप सुरू होणारी चित्रफीत, रात्री-बेरात्री वाजणारी घंटा, हे दुसऱ्या कोणी टाकलेले नाही. ती तुमची बनावट आहे. मोटारीचा ब्रेक सदोष निघाला तर कारखानदार जबाबदार. मग या बनावटीला कोण?

कंपन्यांचे म्हणणेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. त्या म्हणतात, समाजमाध्यमांचे व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार नाही. हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत मोबाईल-संगणकावरील खेळांचे व्यसन आले, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. समाजमाध्यमांचे व्यसन त्यात स्वतंत्रपणे नाही. त्या म्हणतात, एखाद्या मुलीच्या खिन्नतेला घरची भांडणे, अभ्यास, एकाकीपण अशी अनेक कारणे असतात, सारे आमच्या माथी कसे मारता? यातही तथ्य आहे, आणि शास्त्रज्ञांतही एकमत नाही. माझा प्रश्न इतकाच, की हे ठरवायला लागणारी माहिती कोणाच्या कपाटात आहे? २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी महिलेने आतली कागदपत्रे उघड केली. कित्येक किशोरवयीन मुलींना इन्स्टाग्राममुळे स्वतःच्या शरीराविषयी अधिक न्यूनगंड वाटू लागतो, असे कंपनीच्याच संशोधनात नोंदले होते. जे कंपनीला ठाऊक होते ते पालकांना ठाऊक नव्हते. दाव्याचा खरा उपयोग येथे आहे. न्यायालय कपाट उघडायला लावते.

इंग्लंडमधील मॉली रसेल ही १४ वर्षांची मुलगी २०१७ मध्ये जीवानिशी गेली. तिच्या वडिलांनी पाच वर्षे चिकाटीने पाठपुरावा केला. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनच्या कोरोनरने आपल्या निष्कर्षात लिहिले, की नैराश्याबरोबरच समाजमाध्यमांवर तिच्यापुढे येत राहिलेल्या मजकुराचे दुष्परिणामही तिच्या मृत्यूला कारणीभूत होते. एका मुलीच्या मृत्यूच्या चौकशीत अधिकृत कागदावर हे वाक्य येणे ही लहान गोष्ट नव्हे.

जुन्या पिढीला यात तंबाखूची आठवण येईल. तंबाखू कंपन्याही अनेक वर्षे म्हणत होत्या, ओढणाऱ्याची मर्जी. १९९८ मध्ये अमेरिकेतील ४६ राज्यांशी त्यांना समझोता करावा लागला, २०० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मान्य करावी लागली, आणि दडवलेले कागद लोकांपुढे आले. आपल्याकडे ही उपमा समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. बसस्थानकावरच्या पानठेल्यापर्यंत गेले तरी पुरे. खर्रा घोटणाऱ्याला विचारा, पहिली पुडी कोणत्या वयात मागायला येतात.

मग आपल्या देशात काय झाले? न्यायालयांची दारे येथेही ठोठावली गेली, परंतु त्यांतून निघालेले उत्तर वेगळे आहे. २०१९ च्या आरंभी अकरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की पबजी या खेळावर बंदी घाला. त्याच वर्षी ३ एप्रिल रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने टिकटॉकच्या प्रसाराला मनाई करण्याचा आदेश दिला आणि तीनच आठवड्यांत, २४ एप्रिलला, ती मनाई उठली. पुढे २९ जून २०२० रोजी टिकटॉक आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पबजी, दोन्ही केंद्र सरकारने बंद केले. मात्र त्याचे कारण गलवानच्या संघर्षानंतरची देशाची सुरक्षितता हे होते. मुलांची झोप त्या आदेशात कोठेच नव्हती. म्हणूनच टिकटॉक गेल्यावर काही दिवसांतच इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने शॉर्ट्स हा प्रकार सर्वप्रथम भारतातच सुरू केला, आणि गिऱ्हाईक एका दुकानातून उठून दुसऱ्या दुकानात बसले. त्याच काळात टाळेबंदीमुळे शाळा मोबाईलवर भरत होत्या. ज्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना मोबाईल घेऊन दिला, त्यांनी तो अभ्यासासाठी दिला होता, हे विसरता कामा नये.

एप्रिल २०२५ मध्ये १३ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमे बंद करावीत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने ती ऐकून घेण्यास नकार दिला. हा धोरणाचा प्रश्न आहे, कायदा करायला संसदेला सांगा, असे म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण मग संसदेने काय केले आहे? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक चांगले कलम आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई. उल्लंघन झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. हे चांगले पाऊल आहे. पण तो दंड सरकारजमा होणार. ज्या मुलाचे वर्ष वाया गेले त्याच्या हाती काय?

येथे एक बारीक परंतु मोलाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूच्या उत्पादकाची जबाबदारी सांगणारे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि बनावटीतला दोषही त्यात येतो. मग याच कायद्याने दावा का लावू नये? कारण त्याच कायद्यात सेवेची व्याख्या करताना फुकट दिलेली सेवा वगळली आहे. ही अ‍ॅपे तर फुकट! म्हणजे नुकसान झालेला मुलगा कायद्याच्या लेखी ग्राहकच ठरत नाही, असे म्हणायला कंपनीला वाव राहतो. मला विचाराल तर हे फुकट खरे नाही. आपण पैसे देत नाही, वेळ देतो, आणि तो वेळ पुढे जाहिरातदाराला विकला जातो. माझ्या बागेला न मिळालेले पाणी हे त्या फुकट मालाचे मोलच होते. जिथे वेळ हेच चलन आहे तिथे वेळ देणाऱ्यालाही ग्राहक मानले पाहिजे. कायद्यात ही एवढी दुरुस्ती झाली तरी पुष्कळ दारे उघडतील.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला वडीलधाऱ्यांचा: मन खंबीर असेल तर कोणी काही करू शकत नाही, आपला आळस झाकण्यासाठी दुसऱ्यावर दावे कसले लावता? या आक्षेपात प्रामाणिकपणा आहे. पण बारा-तेरा वर्षांचे पोर एका बाजूला आणि जगातील श्रीमंत कंपन्या दुसऱ्या बाजूला, ही कुस्ती जोडीची नाही. शिवाय वडीलधाऱ्यांनी रागावू नये, रात्री अकराला घरात कोणाकोणाच्या तोंडावर पडद्याचा उजेड असतो ते एकदा पाहावे.

दुसरा आक्षेप आम्हा तरुणांचा: हे सारे आमच्यावर पहारा बसवण्याचे निमित्त होईल. या भीतीला आपल्याच राज्यात आधार आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यांतल्या एकीने तर ते लिखाण नुसते पसंत केले होते. त्यातून श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलमच रद्द केले. बोलण्याचे स्वातंत्र्य असे मिळवलेले आहे. ते झोपेच्या बदल्यात परत द्यायचे नाही. म्हणूनच मला मजकुरावरच्या पहाऱ्यापेक्षा बनावटीवरचा दावा अधिक सुरक्षित वाटतो. मी काय बोलतो, काय पाहतो यात सरकारने डोकावू नये. पडदा मला उठू देतो की नाही, एवढे मात्र तपासावे.

तिसरा आक्षेप आहे की त्यापेक्षा सरळ बंदीच का नको? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. मुलांना वा पालकांना दंड नाही, कंपन्यांना आहे, हे त्यात विशेष. परंतु विदर्भातल्या माणसाला बंदीचा अनुभव जुना आहे. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गुटख्यावर तर २०१२ पासून राज्यभर बंदी आहे, आणि त्या बंदीचे काय झाले ते पुड्यांनी भरलेली गटारे सांगतात. शिवाय मोबाईल म्हणजे दारू नव्हे. खेड्यातून रोज एस.टी.ने येणारी मुलगी बस चुकली तर त्याच मोबाईलवर व्याख्यान ऐकते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला नागपूरच्या शिकवणीची फी परवडत नाही, त्याचा तोच गुरू आहे. प्याला फोडून चालणार नाही, कारण त्याच प्याल्यात पाणीही येते.

याच बाबतीत दोन गावांची आठवण सांगावीशी वाटते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. तेव्हापासून दीड तास घराघरांतले दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद, मुले अभ्यासाला आणि मोठी माणसे वाचायला वा बोलायला मोकळी. आपल्या विदर्भात यवतमाळ जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल न देण्याचा ठराव केला. शहरी माणसे यावर हसतील. मला हसू येत नाही. कोणी सांगितले नसता गावाने स्वतःहून आपले दुखणे ओळखले, ही ग्रामस्वराज्याचीच खूण आहे. पण दोन्ही ठराव वाचताना एक गोष्ट खुपते. सारे बंधन गावाने आपल्याच लेकरांवर घातले. ज्याने हा पडदा बनवला त्याच्यापर्यंत ग्रामपंचायतीचा ठराव पोहोचत नाही. तिथवर पोहोचतो तो कायदा, आणि कायदा ढिला पडला तर दावा. गावचा भोंगा आणि न्यायालयाची नोटीस, दोन्ही हवेत.

तेव्हा मागायचे काय? अल्पवयीन मुलाच्या खात्यावर रात्रीची घंटा मुळातूनच बंद असावी. पानाला शेवट असावा. पुढचे पाहायचे तर मुद्दाम बोट लावावे लागावे. आपोआप सुरू होणारी चित्रफीत आधी बंद असावी, हवी त्याने सुरू करावी. कंपन्यांनी भारतीय मुलांवर काय परिणाम होतो याचे जे संशोधन केले असेल ते येथील विद्यापीठांना पाहू द्यावे. आणि धोक्याची सूचना मराठीत असावी. नियम व अटी इंग्रजीत आणि मोह मात्र मातृभाषेत, हा कोणता न्याय?

आणि आपण महाविद्यालयात काय करायचे? रा. से. यो. च्या शिबिरात यंदा एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, गावकऱ्यांना वडगावची गोष्ट सांगावी. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच वर्गांची पाहणी करावी. नावे न विचारता फक्त किती तास, किती वाजेपर्यंत, एवढेच. ज्याला हे आवरेनासे झाले आहे त्याची थट्टा करू नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्येच यासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आहे, आणि सरकारच्या टेली-मानस या १४४१६ क्रमांकावर मनाच्या कोणत्याही त्रासाविषयी विनामूल्य बोलता येते. मदत मागणे म्हणजे मन कच्चे असणे नव्हे.

गडकऱ्यांच्या सुधाकराला कोणी विचारले नाही की तळीरामावर दावा लावतोस का. त्या काळी तो प्रश्नच हास्यास्पद ठरला असता. आज तो प्रश्न न्यायालयात विचारला जात आहे, हा शंभर वर्षांतला बदल मला आशादायक वाटतो. त्याचा अर्थ पिणारा निर्दोष झाला असा मात्र कोणी घेऊ नये. माझ्या वाट्याचा दोष मी वडिलांपुढे कबूल केला आहे. आता लाईनीची पाळी रात्रीची असली की मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवतो आणि जुने गजराचे घड्याळ उशाशी घेतो. दुसऱ्या पाण्याला मी वेळेवर गेलो. आळ्यांत पाणी फिरताना पाहत बांधावर बसून राहिलो. ती रात्र मला पूर्ण आठवते.

माझ्या वाट्याचे मी केले. पाजणाऱ्यानेही आपल्या वाट्याचा दोष घ्यावा, एवढेच मागणे आहे. आणि ते मागणे भीक नसून हक्क आहे, हे आपल्या पिढीने शिकले पाहिजे.